फ्रान्समधले कोंक : एवढ्याशा गावाला दोन दिवस द्यावेत का?

मुक्कामपोस्ट

सर्वांना नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आईला घेऊन तुलूझला धाकट्या भावाकडे जाणार आहे. त्याच्या घरापासून मोटारीने सुमारे अडीच तासांवर, आवेरों जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, कोंक नावाचे एक अगदी लहान गाव आहे. मूळ गावात कायमची राहणारी माणसे शंभराच्या आसपास आहेत, आणि तरीही अकराव्या-बाराव्या शतकातले सँत फ्वा या संतिणीच्या नावाचे मठाचे चर्च, मध्ययुगीन सोन्यारुप्याचा खजिना आणि स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट हे सगळे तिथल्या एका अरुंद दरीत एकत्र आले आहे, एवढे मी वाचले आहे.

भावाचे म्हणणे असे की हे गाव तासाभरात पाहून होते, त्यामुळे जाता-येता थांबावे आणि मुक्काम दुसऱ्या एखाद्या मोठ्या ठिकाणी करावा. आईचे मत वेगळे आहे. तिने पूर्वी आठ वेळा आळंदी ते पंढरपूर वारी पायी केली आहे. हजार वर्षे लोक जिथे चालत येत आहेत, तिथे एक रात्र तरी राहिलेच पाहिजे, असे ती ठामपणे म्हणते. आता तिचे वय एकाहत्तर आहे आणि गुडघे दुखतात, म्हणून चढ-उताराची मला काळजी वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. चर्चच्या दरवाजावरचे शिल्प प्रसिद्ध आहे, पण आम्हा दोघींनाही ख्रिस्ती शिल्पांची फारशी ओळख नाही. ते वाचायचे कसे? आतल्या खिडक्यांना रंगीत चित्रे नसून साध्या पांढुरक्या काचा आहेत असे समजले. त्यात पाहण्यासारखे काय आहे? आणि वयस्कर माणसाला तिथे कितपत फिरता येईल? ज्यांनी हे गाव प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिल्पवाचक

आपल्या आईंचे म्हणणे योग्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी पहिल्यांदा एका प्रवासी कंपनीच्या बसने कोंकला गेलो तेव्हा आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली होती, आणि त्यातली पंधरा वाहनतळापासून चालण्यात गेली. दाराखाली उभा राहून मी शिल्पाची डावी बाजू पाहत होतो, उजवीकडे वळणार तोच हाक आली. त्यानंतर सहा वर्षांनी मी मुद्दाम पुन्हा गेलो आणि तीन रात्री राहिलो, त्या आधाराने लिहीत आहे.

ज्याला टिंपॅनम म्हणतात ती पश्चिमेच्या दोन दारांच्या वर, एका मोठ्या कमानीखाली बसवलेली अर्धवर्तुळाकार शिल्पपट्टी आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे काम असून सुमारे पावणेसात मीटर रुंदीत एकशे चोवीस आकृत्या कोरलेल्या आहेत. विषय एकच आहे : जगाच्या अखेरीस होणारा निवाडा. मध्यभागी ख्रिस्त बसलेला आहे. त्याचा उजवा हात वर उचललेला आणि डावा खाली झुकवलेला आहे, आणि सगळ्या रचनेची किल्ली या दोन हातांत आहे. वर उचललेल्या हाताच्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, स्वर्ग आहे. खाली झुकलेल्या हाताच्या बाजूला नरक आहे. हे एकदा लक्षात आले की उरलेले शिल्प आपण स्वतः वाचू शकता.

डावीकडे वरच्या ओळीत एक मिरवणूक ख्रिस्ताकडे चालली आहे. पुढे मेरी, तिच्यामागे हातात किल्ली घेतलेला ख्रिस्ताचा शिष्य पीटर, आणि मग काही माणसांनंतर एक मठाधिपती एका मुकुटधारी राजाचा हात धरून त्याला पुढे नेत आहे. हा राजा म्हणजे आठव्या-नवव्या शतकातला सम्राट शार्लमेन मानला जातो, कारण मठाच्या परंपरेप्रमाणे त्याने कोंकला देणग्या दिल्या होत्या. त्याची चाल पाहावी : राजा असूनही तो बिचकलेला, पाय आखडून चालणारा वाटतो. शिल्पकाराने सम्राटाला मठाधिपतीच्या आधाराची गरज दाखवली आहे, आणि मठाच्या दारावर ती दाखवण्यात मठाचा स्वाभिमान आहे, असे मला वाटते.

या मिरवणुकीच्या खाली एक छोटी त्रिकोणी जागा आहे, तिथे अवश्य थांबावे. एक मुलगी जमिनीवर वाकून प्रार्थना करते आहे आणि ढगातून बाहेर आलेला एक मोठा हात तिच्या डोक्याशी टेकला आहे. ही सँत फ्वा. तिच्यामागे काही कमानी आहेत आणि त्यांच्या आडव्या तुळईला बेड्या टांगलेल्या आहेत. कैदेतून सुटलेली माणसे आपल्या बेड्या घेऊन इथे येत आणि तिच्या चरणी वाहत, अशी तिची ख्याती होती. आतल्या गाभाऱ्याभोवतीचे लोखंडी जाळीकाम त्याच बेड्यांच्या लोखंडातून घडवले, असे गावात आजही सांगतात. एवढ्या मोठ्या विश्वव्यापी प्रसंगात गावाने आपल्या संतिणीला अगदी हातभर जागा दिली आहे, पण ती देवाच्या हाताखाली दिली आहे.

ख्रिस्ताच्या बरोबर पायाखाली तराजू आहे. एका बाजूला देवदूत मायकल आणि दुसऱ्या बाजूला सैतानाचा माणूस समोरासमोर उभे आहेत. सैतानाच्या माणसाने आपल्या बाजूचे पारडे बोटाने हळूच खाली दाबले आहे, आणि तरीही पारडे चांगल्याच्या बाजूनेच झुकले आहे. हे बोट खालून सहज दिसत नाही, म्हणून आईंना लहान दुर्बीण द्यावी.

नरकाची बाजू जास्त गजबजलेली आहे, आणि खरे सांगायचे तर शिल्पकाराचा हात तिथे जास्त मोकळा झालेला दिसतो. घोड्यावरून डोक्यावर कोसळणारा गर्विष्ठ सरदार, गळ्यात थैली बांधून फासावर दिलेला कंजूष, जीभ उपटली जात असलेला चहाडखोर, खोटी नाणी पाडणारा, जाळ्यात पकडलेले भिक्षू. एका राजाचा मुकुट एक राक्षस दातांनी ओढून काढतो आहे. चोरून शिकार करणारा एक जण सळईवर भाजला जातो आहे आणि त्याला भाजणाऱ्याचे तोंड सशासारखे आहे. बाराव्या शतकातल्या या डोंगरातल्या माणसाला यातला प्रत्येक जण ओळखीचा असणार. राजा, धर्मगुरू आणि सरदार यांनाही इथे सूट मिळालेली नाही.

सगळ्यात खालच्या ओळीत दोन दारे शेजारी शेजारी आहेत. स्वर्गाच्या दाराशी देवदूत येणाऱ्याचा हात धरून आत घेतो; नरकाच्या दाराशी एक प्रचंड जबडा माणसांना गिळतो. दारांच्या बिजागऱ्या आणि कुलपेसुद्धा दगडात कोरलेली आहेत, एखाद्या लोहाराने पाहून शाबासकी द्यावी इतकी बारकाईने. आकृत्यांच्या मधल्या पट्ट्यांवर लॅटिन ओळी आहेत. शेवटच्या ओळीचा आशय असा : पापी जनहो, आचरण बदलले नाही तर कठोर निवाडा तुमच्यासाठी ठेवलेला आहे, हे जाणून असा. मूळ शिल्प रंगवलेले होते, आणि निळ्या व तांबड्या रंगाचे अवशेष अजूनही खोबणींमध्ये दिसतात.

आणखी एक गोष्ट, जी बसच्या पन्नास मिनिटांत कोणाच्याही लक्षात येत नाही. बाहेरच्या कमानीची कडा एखाद्या गुंडाळलेल्या पट्ट्यासारखी कोरली आहे, आणि त्या पट्ट्याच्या आडून छोटे छोटे चेहरे डोकावत आहेत. दोन्ही हातांच्या बोटांनी कड धरलेली, फक्त डोळे आणि नाक बाहेर. गावात त्यांना ‘कुतूहलवाले’ म्हणतात. ते ना स्वर्गात आहेत ना नरकात. ते नुसते पाहत आहेत. शिल्प पश्चिमाभिमुख असल्यामुळे दुपार कलल्यावर त्यावर थेट ऊन येते, तीच पाहण्याची उत्तम वेळ.

आत गेल्यावर इमारतीची उंची अंगावर येते. सुमारे बावीस मीटर उंचीचा, पण रुंदीने अरुंद असा मध्यभाग आहे. गाभाऱ्याला वळसा घालणारा पूर्ण प्रदक्षिणापथ आहे आणि त्याला लागून छोटी उपासनास्थळे आहेत. भिक्षूंची प्रार्थना मध्ये चालू असताना यात्रेकरूंचा लोंढा बाजूने फिरून दर्शन घेऊन जावा, यासाठी ही योजना आहे. तुलूझचे सँ सेर्नँ चर्च आपण पाहणारच असाल, तेही याच घडणीचे आहे, फक्त ते विटांचे आणि शहरी आहे. खिडक्यांच्या काचांबद्दल मात्र माझे मत फारसे अनुकूल नाही. एवढ्या भरजरी इमारतीत त्या मला कोऱ्या आणि थंड वाटल्या. यावर इतरांनी लिहावे.

तुलूझकर

शिल्पवाचक यांनी दारावरच्या शिल्पाविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. काचांबद्दल मात्र मला त्यांच्याशी नम्रपणे असहमत व्हायचे आहे. गेल्या नऊ वर्षांत मी तिथे वेगवेगळ्या ऋतूंत पाच वेळा गेलो आहे आणि आता माझ्यासाठी कोंकला जाण्याचे पहिले कारण त्या काचाच आहेत.

या काचा प्येर सुलाज या चित्रकाराच्या आहेत. त्यांचा जन्म १९१९ साली कोंकपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या रोदेझ शहरात झाला. लहानपणी ते या चर्चमध्ये आले आणि आयुष्यात कलाच करायची हे आपण तिथेच ठरवले, असे ते पुढे अनेकदा सांगत. मोठेपणी काळ्या रंगाचे चित्रकार म्हणून त्यांना जगभर मान्यता मिळाली. १९८६ साली फ्रेंच सरकारने त्यांच्याकडे या चर्चच्या काचांचे काम सोपवले आणि १९९४ पर्यंत एकशे चार खिडक्या पुऱ्या झाल्या. त्याआधी तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेल्या रंगीत, संतांच्या आकृती असलेल्या काचा होत्या, त्यामुळे गावात बराच विरोध झाला. तो विरोध समजण्यासारखा आहे. ज्या खिडकीखाली आपण लहानपणापासून गुडघे टेकले, ती कोणी बदलली तर कोणालाही दुखेल.

पण सुलाज यांनी काय केले ते पाहावे. बाजारात मिळणारी कोणतीही काच त्यांना पटली नाही, म्हणून शेकडो प्रयोग करून त्यांनी नवी काच घडवून घेतली. काचेचे लहान-मोठे कण एकत्र वितळवल्यामुळे ती काच आरपार दिसू देत नाही, पण प्रकाश आत घेते, आणि तोही सगळीकडे सारखा नाही : एकाच तावदानात कुठे दाट, कुठे विरळ. रंग अजिबात घातलेला नाही. शिशाच्या पट्ट्या सरळ चौकटीत न बसवता किंचित वळणदार, तिरप्या रेषांत नेल्या आहेत. शिशाच्या कामासाठी त्यांना तुलूझचे कारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी यांची साथ मिळाली.

काचेत रंग नसला तरी खिडक्या रंगीत दिसतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. एका मार्च महिन्यात मी सकाळी आठच्या सुमारास आत जाऊन एकाच बाकावर दुपारपर्यंत बसलो होतो. सुरुवातीला माझ्यासमोरच्या खिडक्या निळसर राखी होत्या. ऊन वर आले तशा त्यांच्या कडा पिवळ्या होत गेल्या, आणि मागे वळून पाहिले तर उलट बाजूच्या खिडक्या अजून निळ्याच होत्या. बाहेरून ढग गेला की पूर्ण ओळ एकदम मावळायची आणि पुन्हा उजळायची. खांबांवरचे दगड मात्र आपल्या खऱ्या रंगात दिसत होते : पिवळसर चुनखडी, मध्येच तांबूस वालुकाश्म, मध्येच राखी शिस्ट. लाल-निळ्या काचा असत्या तर दगडांवर तेच लाल-निळे डाग पडले असते. ही इमारत मुळात दगडाच्या रंगांची आहे, आणि सुलाज यांनी ते रंग जसेच्या तसे दिसू दिले, हे मला त्यांच्या कामाचे सर्वांत मोठे मोल वाटते.

म्हणून माझी विनंती अशी की आत दोनदा जावे, एकदा सकाळी लवकर आणि एकदा संध्याकाळी. मुक्काम केल्याशिवाय हे होणार नाही. रोदेझमध्ये २०१४ पासून सुलाज यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे आणि तिथे या काचांसाठी केलेले पूर्ण आकाराचे आराखडे ठेवले आहेत. तुलूझहून येताना ते वाटेत पाहिले तर खिडक्या अधिक चांगल्या कळतील.

मुक्कामपोस्ट

दोघांचेही मनापासून आभार. आईला हे सगळे वाचून दाखवले. डोकावणाऱ्या चेहऱ्यांची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. दुर्बीण घेत आहोत आणि एक रात्र तिथे राहायचे आता पक्के झाले आहे.

तिचा एक प्रश्न आहे. सँत फ्वा ही मुळात कोण, कोंकचीच का, आणि तिची सोन्याची मूर्ती आहे म्हणतात ती ख्रिस्ती धर्मात कशी चालली? तसेच फ्रेंच राज्यक्रांतीत मठ-चर्चची संपत्ती सरकारजमा झाली असे आम्ही शाळेत शिकलो होतो. मग एवढा खजिना या गावात कसा टिकला?

ओसरी

आपल्या आईंनी नेमका गाभ्याचा प्रश्न विचारला आहे, कारण कोंकचे सगळे वैभव या एका मुलीपासून सुरू होते.

सँत फ्वा कोंकची नव्हे. परंपरेप्रमाणे ती आजँ या शहरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी होती आणि ३०३ सालच्या सुमारास रोमन अमलात आपला धर्म सोडायला नकार दिल्यामुळे तिला मारण्यात आले. तिच्या अस्थी आजँमध्येच होत्या. कोंकचा मठ तेव्हा आडवाटेवरचा आणि गरीब होता. मोठ्या संताचे अवशेष असल्याशिवाय यात्रेकरू येणार नाहीत, हे भिक्षूंना उमगले होते. मठाच्याच जुन्या कथेप्रमाणे त्यांनी आपला एक भिक्षू आजँला पाठवला. तो तिथे दहा वर्षे राहिला, सर्वांचा विश्वास मिळवला, त्याच्याकडे कबरीची राखण सोपवली गेली आणि मग एका रात्री अस्थी घेऊन तो कोंकला परतला. ही नवव्या शतकातली, ८६६ च्या सुमाराची घटना मानतात. मध्ययुगात अशा चोरीला पवित्र चोरी म्हणत, कारण संताची इच्छा नसती तर अस्थी हलल्याच नसत्या, असा विश्वास होता.

मूर्तीविषयी. ती पंच्याऐंशी सेंटीमीटर उंचीची, सिंहासनावर बसलेली आहे. आत लाकडाचा गाभा, त्यावर सोन्याचा पत्रा. चेहरा मात्र अंगापेक्षा जुना आहे : तो उत्तर रोमन काळातला, बहुधा एखाद्या सम्राटाचा सोन्याचा मुखवटा असून नंतर या संतिणीला बसवला आहे. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीचा चेहरा प्रौढ, किंचित पुरुषी आणि रोखून पाहणारा आहे. अंगभर रत्ने, रोमन काळातले कोरीव खडे, मोती. हे सगळे शतकानुशतके भक्तांनी वाहिलेले आहे. अस्थी या मूर्तीच्या आत ठेवलेल्या असत.

ती ख्रिस्ती धर्मात कशी चालली, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बेर्नार नावाचा एक विद्वान धर्मगुरू आंझेहून कोंकला आला. मूर्ती पाहून त्याला हा जुन्या रोमन देवांच्या पूजेसारखाच प्रकार वाटला आणि सोबत्याजवळ त्याने तसे हसत बोलूनही दाखवले. पुढे गावात ऐकलेल्या हकिगतींनी त्याचे मत पालटले, आपल्या बोलण्याचा त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने सँत फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहायला घेतला. डोळे काढले गेलेल्या गिबेर नावाच्या माणसाला पुन्हा दृष्टी आली, ही त्यातली सर्वांत गाजलेली कथा आहे. बायकांच्या स्वप्नात येऊन संतिणीने त्यांची कांकणे आणि अंगठ्या मागून घेतल्याच्या कथाही त्यात आहेत. आपल्याकडे नवस बोलणे आणि दागिना वाहणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बेर्नारचा आधीचा संकोच आणि नंतरची श्रद्धा दोन्ही चटकन समजतील. आपल्या आई त्या मूर्तीसमोर उभ्या राहतील तेव्हा त्यांना परके वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

आता राज्यक्रांतीबद्दल. फ्रान्सभर चर्चमधले सोने-चांदी जप्त करून वितळवले जात होते. कोंकमध्येही तोच हुकूम येणार हे दिसताच गावकऱ्यांनी खजिन्यातल्या वस्तू वाटून घेऊन आपापल्या घरांत लपवल्या आणि धोका टळल्यावर एकेक वस्तू परत आणून दिली. मला कोंकबद्दल सर्वांत जास्त आदर या गोष्टीसाठी वाटतो. ही माणसे गरीब होती, चेस्टनटच्या पिठावर हिवाळा काढणारी होती. एखाद्या घराचे तीन पिढ्यांचे दारिद्र्य फिटेल एवढे सोने हाताशी असताना त्यांनी ते परत केले. अस्थींचा ठावठिकाणा मात्र नंतर विसरला गेला होता. १८७५ साली गाभाऱ्यातल्या एका भिंतीत त्या पुन्हा सापडल्या.

इमारत वाचली ती प्रॉस्पेर मेरीमे यांच्यामुळे. ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक म्हणून ते १८३७ साली इथे पोहोचले तेव्हा चर्च मोडकळीला आले होते आणि मठाच्या चौकाचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले होते. इतक्या ओसाड जागी एवढी संपत्ती पाहायला मिळेल अशी अपेक्षा नव्हती, अशा अर्थाचे त्यांनी आपल्या अहवालात लिहिले, आणि मग दुरुस्तीची चक्रे फिरली. पश्चिमेच्या दोन मनोऱ्यांचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकातले आहे. चर्च आणि दरीतला यात्रेकरूंचा पूल हे दोन्ही १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात, कोंपोस्तेलाच्या फ्रान्समधील मार्गांचा भाग म्हणून नोंदले गेले.

पायवाट

मी तीन वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या वाटेने फ्रान्समधल्याच ल प्वी या शहरापासून कोंकपर्यंतचे सुमारे दोनशे किलोमीटर दहा दिवसांत चालले, म्हणून चालण्याविषयी आणि राहण्याविषयी तेवढे लिहिते.

गुडघ्यांबद्दल आधी. वाहने गावाबाहेर ठेवावी लागतात. तिथून चर्चपर्यंतचा रस्ता चढ-उताराचा आहे, पण सावकाश जमण्यासारखा आहे. चर्चसमोरचे आवार, खजिना आणि आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्या एकमेकींना लागून आहेत. शार्लमेनच्या नावाची जी गल्ली खाली पुलाकडे जाते ती मात्र तीव्र उताराची आणि गोट्यांच्या फरसबंदीची आहे. पाऊस पडून गेला असेल तर आईंना तिथून नेऊ नये. पूल पाहायचा असेल तर मोटारीने खाली जावे. दरीच्या पलीकडे बांकारेल नावाची जागा आहे, तिथेही मोटार जाते आणि तिथून संपूर्ण गाव समोर दिसते : डोंगराच्या कुशीत बसलेली घरे, लोझ नावाच्या दगडी चकत्यांची माशाच्या खवल्यांसारखी छपरे, आणि मधोमध चर्च, गावाच्या मानाने फारच मोठे. गावाचे नाव शिंपल्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे असे सांगतात, ते तिथून पाहिल्यावर पटते.

राहण्यासाठी गावात मोजकीच ठिकाणे आहेत, तेव्हा आजच आरक्षण करावे. ६ ऑक्टोबर हा सँत फ्वाचा दिवस आहे आणि त्याच्या आसपासच्या रविवारी मिरवणूक निघते. आपण त्याच आठवड्यात जात आहात, म्हणून जागा मिळणे अवघड होईल, पण तारीख जमली तर सोडू नका. १८७३ पासून चर्चची सेवा प्रेमोंत्रे या ख्रिस्ती धर्मसंघाचे बंधू करतात. रोज संध्याकाळी प्रार्थना होते आणि दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो. त्याला कोणीही बसू शकते. उन्हाळी हंगामात प्रार्थनेनंतर एक बंधू दाराशी उभे राहून शिल्प समजावून सांगतात आणि मग रात्री ऑर्गन वाजत असताना वरच्या सज्जांतून फिरता येते. ऑक्टोबरमध्ये हा कार्यक्रम त्या दिवशी आहे का, ते पर्यटन कार्यालयाला आधी विचारून घ्यावे.

जेवणात आईंना अलिगो आवडेल. उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजे चीज, लोणी आणि लसूण घालतात, आणि लाकडी पळीने हातभर तार निघेपर्यंत ढवळतात. चीजमधल्या प्राणिज विरजणाचे (रेनेटचे) पथ्य पाळत असाल तर मात्र विचारून खावे.

शेवटी चालण्याचे. ज्यांनी आठ वाऱ्या केल्या आहेत त्यांना वाटेवर एक पाऊल तरी टाकावेसे वाटणारच. यात्रेकरू गावात वरच्या बाजूने उतरतात, तेव्हा गावाच्या त्या टोकाला दुपारी तीन-चारच्या सुमारास आईंसाठी एखादी बसण्याची जागा शोधावी. पाठीवर पिशवी, हातात काठी, पायात धूळ अशी माणसे एकेकटी, दोघे-तिघे येत राहतात. येणाऱ्याला फ्रेंचमध्ये नुसता नमस्कार केला तरी ती थांबून बोलतात. मी उतरले तेव्हा एका घराच्या पायरीवर बसलेल्या वृद्ध बाईंनी मला काही न विचारता पाण्याचा तांब्याएवढा जग पुढे केला होता. चर्चच्या दाराशी उत्तम पाण्याचा झरा आहे, असे बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे, ते मला तेव्हा आठवले.

सकाळी मात्र लवकर उठून खोलीची खिडकी उघडी ठेवा. निघालेले यात्रेकरू पूल ओलांडतात आणि समोरचा चढ चढून सँत फ्वाच्या छोट्या चॅपेलपाशी पोहोचतात. तिथे एक घंटा आहे. पोहोचलेला प्रत्येक जण ती वाजवतो आणि तिचा आवाज दरी ओलांडून गावात ऐकू येतो. आदल्या संध्याकाळी आईंशी जे कोणी बोलले असतील, ते वर पोहोचल्याचे त्यांना खोलीत बसून कळेल.